पूर्णांक व त्यांत न सुटणारी समीकरणे

पूर्णांक : ०, १, २, ३,... या संख्या व −१, −२, −३,... या त्यांच्या ऋण जोडीदार संख्या मिळून होणारा संख्यासंच. एखादे समीकरण सुटते की नाही, हे केवळ त्याच्या रूपावरून सांगता येत नाही. त्याचा निर्वाह (उकल) कोणत्या संचात शोधावयाचा, हे आधी ठरवावे लागते. मोजण्याच्या १, २, ३,... या नैसर्गिक संख्यांत क्ष + ३ = ५ याचा निर्वाह २ हा आहे, परंतु क्ष + ५ = ३ याला निर्वाह नाही.

ग्रीक गणितज्ञ डायोफँटस यांनी ४क्ष + २० = ४ हे समीकरण निरर्थक मानले होते. ब्रह्मगुप्तांनी मात्र ब्राह्मस्फुटसिद्धान्त (६२८) या ग्रंथात धन, ऋण व शून्य यांवरील क्रियांचे नियम दिले. तरीही संकोच पुष्कळ काळ टिकला. भास्कराचार्यांच्या बीजगणित या ग्रंथातील एका उदाहरणात वानरांच्या कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले असून एक वानर झाडावर दिसतो. कळपातील वानर क्ष मानल्यास (क्ष/५ − ३)² + १ = क्ष हे समीकरण मिळते व त्याची मुळे ५० आणि ५ येतात. पाच ही संख्या समीकरणात चपखल बसते. पण तिच्या पंचमांशातून ३ वजा केल्यास −२ उरतात, आणि ऋण वानर लोकांना पटत नाहीत म्हणून हे मूळ त्यांनी त्याज्य ठरविले. समीकरणाचा निर्वाह व प्रश्नाचे उत्तर यांतील हा भेद आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ऋण संख्यांना तर्कशुद्ध पाया देण्यासाठी नैसर्गिक संख्यांच्या जोड्या घेतात. (अ, ब) ही जोडी अ − ब हा फरक दर्शविते, असे मानतात. (३, ५) व (७, ९) या जोड्यांत ३ + ९ = ५ + ७ असल्यामुळे दोन्ही एकाच पूर्णांकाच्या, म्हणजे −२ च्या, निदर्शक होत. या संचात क्ष + अ = ब या प्रकारचे प्रत्येक समीकरण सुटते. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना नेहमी पडतो. तो नियम लादलेला नाही. १ + (−१) = ० याला −१ ने गुणल्यास वितरण नियमानुसार −१ + (−१)(−१) = ० मिळते; म्हणून (−१)(−१) = १ असलेच पाहिजे.

गुणाकाराच्या बाबतीत पूर्णांकही अपुरे पडतात. २क्ष = ३ याचा निर्वाह त्यांत नाही, कारण १ व २ यांच्या दरम्यान पूर्णांक नसतो. अपूर्णांक स्वीकारले की हे समीकरण सुटते; क्ष² = २ हे तरीही सुटत नाही. दोन समान तुकड्यांत न विभागता येणाऱ्या वस्तूंचा प्रश्न असेल, तर अपूर्णांकी उत्तराचा उपयोगही नसतो.

म्हणूनच केवळ पूर्णांकी निर्वाह शोधणे हा एक स्वतंत्र विषय बनला आहे. ६क्ष + ९य = २० याला असा निर्वाह नाही; डावी बाजू नेहमी ३ ने विभाज्य असते, २० नाही. अक्ष + बय = क या समीकरणाला पूर्णांकी निर्वाह असण्यासाठी अ व ब यांच्या महत्तम साधारण विभाजकाने क ला भाग जाणे आवश्यक व पुरेसे असते. निर्वाह काढण्याची कुट्टक ही रीत आर्यभटांनी (४९९) दिली. क्ष² + य² = ८३ हेही अशक्य आहे : कोणत्याही वर्गाला ४ ने भागल्यास बाकी ० किंवा १ उरते, त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेत बाकी ३ कधीच येत नाही; ८३ ला ४ ने भागल्यास ती ३ उरते.

पूर्णांकी सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाला पूर्णांकी निर्वाह आहे की नाही हे ठरविणारी सर्वसाधारण रीत द्यावी, अशी मागणी डाव्हीट हिल्बर्ट यांनी १९०० मध्ये मांडलेल्या प्रश्नांपैकी दहाव्या प्रश्नात केली होती. मार्टिन डेव्हिस, हिलरी पटनम व जूलिया रॉबिन्सन यांच्या कार्याच्या आधारे यूरी मात्यासेव्हिच यांनी १९७० मध्ये अशी रीत असूच शकत नाही, हे सिद्ध केले.