दुभत्या गाईस नुसता पेंढा पुरत नाही

चांदीप व वसई तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत भाताची झोडणी आटोपली म्हणजे घरोघर पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात. उडवी मोठी दिसली की वर्षाच्या वैरणीची सोय झाली, असे गोपालक समजतो. पोट भरण्यापुरते ते खरे आहे. तथापि भाताच्या पेंढ्यात प्रथिने शेकडा तीन-चार एवढीच असतात; शिवाय त्यातील सिलिका पचनास आणि ऑक्झलेट चुन्याच्या शोषणास बाध आणते.

गाय व्याल्यावर दूध झपाट्याने वाढते, परंतु तिची भूक मागाहून वाढते. या काळात नुसत्या पेंढ्यावर राहिलेली गाय अंगातील चरबी खर्चून दूध देते, खंगते व वेळेवर माजावर येत नाही. गाय फार दिवस भाकड राहिली, तर दोष पुष्कळदा गव्हाणीचा असतो.

डोंगरउतारावरील गवत फुलोऱ्यात असता सकस असते. पण तेव्हा पावसामुळे ते वाळविता येत नाही. बी गळून गेल्यावर कापलेले गवत पेंढ्याहून फारसे सरस नसते. म्हणून विहिरीचे पाणी असेल तेथे थोड्या जागेत संकरित नेपियर लावावे, भात निघाल्यावर ओलीवर चवळी पेरावी आणि बांधावर शेवरी ठेवावी. गाईस रोज १५ ते २० किलो हिरवी वैरण मिळाल्यास उत्तम.

आंबोण दुधाच्या मानाने द्यावे. शरीरपोषणासाठी दीड किलो व दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, या हिशेबाने पाच लिटर देणाऱ्या गाईस साडेतीन किलो लागते. पेंडीचा भाव चढला की प्रथम आंबोणास कात्री लागते. ही काटकसर पुढील वेतात महाग पडते. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण व थोडे मीठ द्यावे, आणि पाणी सदैव पुढे असावे. गाभण गाईस शेवटचे दोन महिने एक-दीड किलो आंबोण जादा द्यावे.

पेंढा सुधारण्याची रीत सोपी आहे. चार किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून १०० किलो पेंढ्यावर थराथराने शिंपडावा, प्रत्येक थर तुडवून दाबावा व ढीग प्लॅस्टिकच्या कागदाने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावा. युरियापासून सुटणारा अमोनिया पेंढा मऊ करतो व प्रथिनांशही वाढतो. खाऊ घालण्यापूर्वी पेंढा तासभर पसरून उग्र वास जाऊ द्यावा. आरंभी थोडाच देऊन आठवडाभरात प्रमाण वाढवावे.

येथे हयगय चालणार नाही. युरियाचे पाणी पिण्यात आल्यास जनावर थरथरते, फुगते, तोंडास फेस येतो व थोड्याच वेळात दगावते. अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यास बोलवावे. द्रावणाच्या बादल्या गोठ्यापासून दूर ठेवाव्या, युरिया पाण्यात किंवा आंबोणात कालवून कधीही देऊ नये, आणि सहा महिन्यांखालील वासरांस हा पेंढा मुळीच घालू नये.