चॅपलमध्ये मावतात पाच विरार लोकल!

वसईच्या किल्ल्यात शिरलात की आधी त्याचा पसारा बघा. सुमारे 110 एकर! म्हणजे जवळजवळ 48 लाख चौरस फूट. विरारच्या हिशेबात सांगायचं तर पाचशे फुटांचे साडेनऊ हजार फ्लॅट, तेही एकाच मजल्यावर. या तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा पंथांनी आपापली चर्च आणि मठ बांधले. जेझुइटांचं तर कॉलेजसुद्धा होतं. त्यांच्या चर्चची दगडी दर्शनी भिंत खांबांसकट अजून ताठ उभी आहे. आत जाऊन मान वर करा: छप्पर नाही, थेट आभाळ.

23 डिसेंबर 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्याच्या पाचच महिने आधी इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने केंब्रिज विद्यापीठाला पुस्तकं छापायची सनद दिली होती. पोर्तुगीज इथे 205 वर्षं राहिले, 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी त्यांना घालवलं. केंब्रिजची प्रकाशनसंस्था मात्र आजही पुस्तकं काढतेच आहे!

आणि सनद मिळाली तेव्हाच केंब्रिज 325 वर्षांचं होतं. ऑक्सफर्ड त्याहून थोरलं. तिथे 1096 पासून शिकवलं जात होतं. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी झाली, तेव्हा ऑक्सफर्डच्या अध्यापनाला 194 वर्षं झाली होती. 1674 मध्ये शिवराज्याभिषेक झाला, तेव्हा 578! वसईतली पोर्तुगीज राजवट चार वेळा एकापुढे एक मांडली तरी ऑक्सफर्डचं वय गाठता येत नाही.

या दोघांची चुरस जन्मापासूनची. 1209 मध्ये ऑक्सफर्डात एका बाईचा खून झाला आणि चिडलेल्या गावाने विद्यार्थ्यांनाच फासावर चढवलं. उरलेल्यांतले काही पळाले ते केंब्रिजला, आणि तिथे दुसरं विद्यापीठ उभं राहिलं. 1829 पासून दोघांची होड्यांची शर्यत होते. थेम्स नदीत 6.8 किलोमीटर वल्हवत जायचं, म्हणजे वसई रोड ते विरारपेक्षा थोडंसंच कमी!

आता पुस्तकं. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाला पुस्तकं ठेवायला जागा पुरेना, म्हणून 2010 मध्ये स्विंडन गावाजवळ एक गोदाम उघडलं. त्यातल्या फळ्यांची लांबी 246 किलोमीटर. ती फळी मुंबईहून अंथरत निघालात तर पुणं गाठाल, मागे वळाल, घाट उतराल, खोपोली ओलांडाल, तरी ती संपलेली नसेल! आणि हे एकच गोदाम.

पण माझा जीव अडकलाय तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये. 1446 मध्ये पायाचा दगड बसला, 1515 मध्ये दगडकाम संपलं. 69 वर्षं! लांबी 289 फूट, रुंदी 40, उंची 80. करा हिशेब. लोकलचा डबा साधारण 21 मीटरचा, म्हणजे लांबीत चार डबे बसतात. डब्याची रुंदी बारा फूट, म्हणजे शेजारी शेजारी तीन. चार त्रिक बारा, अख्खी विरार लोकल जमिनीवरच मावली! आता त्यावर दुसरी चढवा, तिसरी, चौथी, पाचवी. दर मजल्याला सोळा फूट मिळतात. छताचा बाक थोडा आडवा येईल, तेवढं गणितापुरतं सोडून द्या. ऐन गर्दीत एका गाडीत पाच हजार माणसं धरली, तर पाच गाड्यांत पंचवीस हजार. केंब्रिजमध्ये शिकणारे सगळे मिळून साधारण चोवीस हजार. सगळं विद्यापीठ पाच विरार फास्टमध्ये बसलं!

आणि शेवटचा हिशेब आपल्या बाजूचा. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाने ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजचं चॅपल बांधलं, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचंही बांधलं. या सेंट जॉन्समध्येच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे 1899 मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. तिथल्या चॅपलचा मनोरा 163 फुटांचा. याच स्कॉटने हिंदुस्थानात पाऊलही न टाकता मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्याचे नकाशे लंडनहून काढून दिले. प्रेमचंद रायचंदांनी दोन लाख रुपये दिले, 1878 मध्ये राजाबाई टॉवर पुरा झाला. उंची 280 फूट. म्हणजे विरारहून चर्चगेटला उतरा, मैदानाच्या कडेने चालत जा आणि बघा: केंब्रिजपेक्षा 117 फूट उंच, आणि तोही आपल्या विद्यापीठाचा!