पडद्यावरचा उपचारक आणि घरातली बोली

पक्षाघातानंतर आपल्या घरातील ज्येष्ठांची वाचा अडखळत असेल, तर हे ध्यानी असू द्या: वाचाघातात शब्द हरवतात, बुद्धी नव्हे.

अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतून वाचा-उपचारतज्ज्ञांकडे वारंवार जाणे सर्वांना साधत नाही. अशा वेळी पडद्यावरील आभासी उपचारक उपयोगी पडतो. तो शब्द उच्चारून दाखवतो, रुग्णाकडून वदवून घेतो आणि शंभरदा चुकले तरी कंटाळत नाही. माणसांना हे कठीणच! ब्रिटनमधील २७८ रुग्णांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी संगणकावर सहा महिने सराव केलेल्यांना सरावातील शब्द अधिक आठवू लागले. रोजच्या संभाषणात मात्र सुधारणा दिसली नाही.

ही उणीव घरच्यांनाच भरून काढावी लागते. आधी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. सरावाच्या शब्दांत पऱ्हाटी, भाकर, नातवंडांची नावे घालण्यास त्यांना सांगा. आजोबांनी ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हटले आणि यंत्राने चूक दाखवली, तर ती चूक यंत्राची समजावी. सायंकाळी पडदा बंद करून त्यांच्याजवळ बसा. एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तराची वाट पाहा. त्यांचे वाक्य आपण पुरे करू नका.