कपामागे पन्नास पैसे

सकाळी ७.४०
नेरुळहून ठाण्याची लोकल. ट्रान्स-हार्बरला या वेळी चौथी सीट मिळाली तरी दिवस बरा गेला म्हणायचा. तुर्भ्याला बाजार समितीत जाणारी मंडळी उतरतात. कांदा पडला की चर्चा याच डब्यात होते; कांदा चढला की आमच्या ऑफिसातही होते. ऑफिस ऐरोलीला. मी ॲडमिन बघते, म्हणजे एसी, लिफ्ट, झुरळं, पार्किंगची भांडणं आणि चारेकशे माणसांचा चहा-कॉफी.

सकाळी ८.३०
पँट्रीतले दादा दिघ्याहून येतात आणि माझ्याआधी मशीन धुऊन ठेवतात. मशीनमध्ये पडतं ते प्रीमिक्स: साखर, दुधाची पावडर आणि नावापुरती कॉफी. आज पावडर ओतता ओतता म्हणाले, "मॅडम, सात तारीख उलटून गेली, पगार पडला नाही अजून." दादा आमच्या हजेरीपटावर नाहीत, ठेकेदाराच्या आहेत. पण ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलं आहे. ठेकेदाराला फोन लावून हेच ऐकवलं. संध्याकाळपर्यंत करतो, म्हणाला. कर्नाटकातल्या कोडगूच्या कॉफीमळ्यातल्या मजुराची काळजी वाहायला बसण्याआधी हा फोन व्हायलाच हवा, नाहीतर पुढचं सगळं ढोंग.

सकाळी १०.१५
मशीनचा करार या महिन्यात संपतोय. प्रीमिक्स काढून बियांची कॉफी आणायची असं ठरलंय. तीन कोटेशन आली आहेत. पर्चेसचा नियम सोपा: जो स्वस्त, तो एल-वन, ऑर्डर त्याला. तुलनेच्या तक्त्यात रकाने चारच: दर, जीएसटी, उधारीचे दिवस, सर्व्हिस. बी कुणी पिकवलं याला रकाना नाही. मी पाचवा टाकला.

सकाळी ११.३०
विक्रेत्याचा पोरगा नमुने घेऊन आला. टेबलावर तीन पाकिटं. एकावर मोठ्या अक्षरांत 'एथिकल' आणि बाकी काहीच नाही. दुसऱ्यावर हिरवा बेडूक, म्हणजे रेनफॉरेस्ट अलायन्स. तिसऱ्यावर निळा-हिरवा फेअरट्रेडचा शिक्का. "मॅडम, सगळं सेमच असतं," तो म्हणाला.

सेम नसतं. बेडूकवाले झाडं, माती, पाणी, मजुरांची स्थिती तपासतात, पण शेतकऱ्याला अमुक भाव मिळालाच पाहिजे असं बंधन घालत नाहीत. फेअरट्रेडवाले घालतात. हा सरळ हमीभाव आहे, फक्त तो सरकारऐवजी खरेदीदाराच्या गळ्यात बांधलेला. धुतलेल्या अरेबिकासाठी तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये पौंडाला १.८० डॉलर झाला. बाजार त्याच्या वर असेल तर बाजारभाव द्यायचा. खाली गेला तर एवढा तरी द्यायचाच. शिवाय पौंडामागे २० सेंट शेतकऱ्यांच्या संस्थेला वेगळे. ते शाळेवर खर्चायचे की गोदामावर, हे सभासद ठरवतात.

पहिला शिक्का १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये निघाला, 'मॅक्स हॅवेलार' नावाने, मेक्सिकोतल्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांच्या कॉफीसाठी. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत मोडली आणि जगभर भाव कोसळले. हा पिकाचा स्वभावच आहे. २०१९ मध्ये अरेबिका पौंडाला एका डॉलरच्या खाली होती, २०२५ च्या फेब्रुवारीत चारच्या वर गेली. तेजीत हमीभावाची आठवण कुणालाच नसते. ज्याने कापूस किंवा सोयाबीन पेरलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

शिक्क्याला मर्यादाही आहे, आणि ती मोठी आहे. कॉफीत फेअरट्रेड फक्त लहान शेतकऱ्यांच्या संस्थांना मिळतं. मोठ्या इस्टेटीवर रोजाने कॉफीची फळं खुडणारी बाई त्या हिशेबात येतच नाही. तरीही आपल्या देशात या शिक्क्याला अर्थ उरतो, कारण भारतातल्या कॉफी उत्पादकांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक जणांची जमीन १० हेक्टरच्या आत आहे. आंध्रात अराकूच्या खोऱ्यातल्या आदिवासींच्या बागा आहेत. त्यांची कॉफी २०१७ पासून पॅरिसच्या दुकानात विकली जाते. केरळात 'फेअर ट्रेड अलायन्स केरला' ही लहान शेतकऱ्यांची संघटना २००६ पासून आहे. आणि महाराष्ट्रात कॉफी पिकते म्हटलं की ऑफिसात हसतात, पण अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला पिकते, इंग्रजांच्या काळापासून.

पोरगा गेल्यावर कॅल्क्युलेटर काढला. पौंडाला २० सेंट म्हणजे कच्च्या बियांच्या किलोला चाळीसेक रुपये. भाजताना वजन सहावा हिस्सा घटतं, म्हणजे भाजलेल्या किलोला पन्नासच्या आत. एका कपाला दहा ग्रॅम पूड धरली तर किलोत शंभर कप. हा जादा पैसा कपामागे पन्नास पैसेसुद्धा होत नाही. मग तिसरं पाकीट पहिल्यापेक्षा किलोला दोनशे रुपयांनी महाग कसं? उरलेले दीडशे कुणाचे? विक्रेत्याला लेखी विचारलंय. चांगुलपणाच्या नावाखाली मधल्यांनी आपला गल्ला भरायची ही जागा आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

दुपारी २.३०
सीएसआरची बैठक. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के. यंदा एका शाळेला बाकं आणि पाण्याचा फिल्टर. चांगलंच आहे. शेवटी मी कॉफीचा विषय काढला. उत्तर नियमाला धरून आलं: धंद्याच्या रोजच्या व्यवहारातला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, फक्त कर्मचाऱ्यांच्या सोयीचाही नाही. म्हणजे ९८ रुपये आपण कसे खर्च करतो ते कुणी विचारायचं नाही, दोन रुपयांचे फोटो मात्र वार्षिक अहवालात. कायदा वाईट नाही. पण आमच्यासारख्या कंपन्यांनी जबाबदारीच त्या दोन टक्क्यांत कोंडून टाकली, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुपारी ४.००
निम्मं ऑफिस खाली टपरीवर कटिंग पितंय. कॉफीवर एवढा खल करणारी मी, माझ्याही हातात कटिंगच.

सायंकाळी ५.१५
सेबीचा तक्ता. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारीचा अहवाल सक्तीचा झाला. आम्ही त्या हजारांत नाही, पण आमचा मोठा ग्राहक आहे, म्हणून त्याची प्रश्नावली आमच्याकडे येते. एक प्रश्न असा: तुमच्या मालापैकी किती टक्के माल लघुउद्योगांकडून किंवा लहान उत्पादकांकडून थेट घेतला? कॉफीचं बिल काढलं. माल तुर्भ्याच्या गोदामातून आलाय. त्याआधी तो कुठे होता, याबद्दल बिलावर अक्षर नाही. रकान्यात शून्य भरलं. 'लागू नाही' लिहा, असं वरून सुचवलं गेलं. शून्यच ठेवलं.

सायंकाळी ६.१०
पर्चेसला टिपण पाठवलं: फेअरट्रेडची कॉफी घ्यावी, मात्र दरफरकाचा खुलासा आल्यावरच. मंजूर होईलच असं नाही. दादांच्या मोबाईलवर पगाराचा मेसेज पाचच्या सुमारास आला.

तुमच्या ऑफिसात चहा-कॉफीच्या ऑर्डरवर सही करणारं कुणीतरी असेलच. त्यांना दोन गोष्टी विचारा. पँट्रीतल्या माणसाचा पगार कोणत्या तारखेला होतो, आणि पुडीवर फेअरट्रेडचा शिक्का असेल तर तिच्यामागचा व्यापारी फेअरट्रेडची तपासणी करणाऱ्या फ्लोसर्टच्या यादीत आहे का. ही यादी इंटरनेटवर कुणालाही पाहता येते.