गेटवरचा माणूस आजारी पडतो तेव्हा

‘पहारा’ हा शब्द ‘प्रहर’ या शब्दापासून आला आहे. दिवस आणि रात्र मिळून आठ प्रहर, एकेक प्रहर तीन तासांचा. जागत्या माणसाची पाळी प्रहरानं मोजायची, म्हणून तो पहारा. एकाची वेळ संपली की दुसऱ्यानं येऊन उभं राहायचं, ही व्यवस्था त्या शब्दातच आहे. कविता लिहिणाऱ्याला शब्दांची मुळं उकरायची खोड असते, तसं हे मला कोशात सापडलं होतं. त्याचा व्यवहारातला अर्थ मात्र २०२० साली कल्याणमध्ये सोसायटीच्या कमिटीवर काम करताना कळला. दुसरा येणारा माणूसच तापानं फणफणला असेल तर पहारा चालवायचा कसा? साथीच्या काळात सुरक्षा सेवा सुरक्षितपणे कशी चालू राहते, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्रीपासून लोकल थांबली. २४ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयानं टाळेबंदीचा आदेश काढला. दुकानं, कचेऱ्या बंद ठेवायच्या होत्या. ज्यांना सूट होती, त्या यादीत खासगी सुरक्षा सेवेचं नाव होतं. ते साहजिकच होतं. मॉल बंद झाला तरी तो राखावा लागतो. डोंबिवली एमआयडीसीतले कारखाने, भिवंडीची गोदामं, बँकांची एटीएम, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचे टॉवर, यांतलं काहीच वाऱ्यावर सोडता येत नव्हतं. ‘घरातच राहा’ असं सगळ्यांना सांगितलं जात होतं, आणि आपण घरात राहावं म्हणून एक माणूस दाराबाहेर उभा होता.

या माणसासाठी आपल्याकडे कायदे आहेत. महाराष्ट्रानं १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचं नियमन आणि कल्याण यासाठी कायदा केला. त्यातून बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ उभं राहिलं. पुढे २००५ मध्ये केंद्रानं खासगी सुरक्षा एजन्सींसाठी कायदा केला. त्याखालच्या २००६ च्या नमुना नियमांत रक्षकासाठी १०० तासांचं वर्गातलं आणि ६० तासांचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सांगितलं आहे. पंधरा रक्षकांमागे निदान एक सुपरवायझर असावा, असंही त्यात आहे. आग, गर्दी, प्रथमोपचार, ओळखपत्रांची तपासणी हे सगळं त्या शिक्षणात येतं. पण समोरच्याच्या श्वासातून येणारा धोका कसा ओळखायचा, हे शिकवायची वेळ तोवर आली नव्हती.

तो धोका केवढा होता, याचा एक आकडा लंडनहून आला. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं ११ मे २०२० रोजी इंग्लंड आणि वेल्समधल्या कोविड मृत्यूंची व्यवसायवार आकडेवारी प्रसिद्ध केली. २० ते ६४ वयाच्या पुरुषांमध्ये लाखामागे ९.९ मृत्यू झाले होते. सुरक्षा रक्षक पुरुषांमध्ये हे प्रमाण ४५.७ होतं, म्हणजे चौपटीहून अधिक. केवळ नोकरीमुळेच असं घडलं, हे या आकड्यांनी सिद्ध होत नाही, हेही त्या कार्यालयानं स्पष्ट केलं होतं. राहणीमान, घरातली दाटी, आधीचे आजार, प्रवास हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. तरीही दिवसभरात शेकडो माणसं ज्याच्या समोरून जातात, त्याचा धोका घरात बसलेल्यापेक्षा जास्त असणार, हे उघड आहे.

आता एजन्सीचं काम कसं चालतं ते पाहू. एक गेट घ्या. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या धरल्या तर आठवड्यात १४ पाळ्या होतात. दोन रक्षक प्रत्येकी सहा दिवस आले की १२ भरल्या. उरलेल्या दोन पाळ्यांना तिसरा माणूस लागतो. त्याला या धंद्यात ‘रिलिव्हर’ म्हणतात. रिलिव्हरही आठवड्यात सहा पाळ्या करतो, म्हणजे तो तीन गेटं सांभाळतो. सोमवारी इथं, मंगळवारी तिथं. आठवडाभरात तीन गेटांवरच्या सहा रक्षकांशी त्याची गाठ पडते. एरवी हा माणूस म्हणजे एजन्सीचा आधार. साथीत मात्र एका गेटचा आजार दुसऱ्या गेटावर नेणाराही तोच ठरू शकतो.

म्हणून जाणत्या एजन्सींनी पहिलं काम केलं ते वेळापत्रकाचं. एक रिलिव्हर जवळच्या तीन गेटांना बांधून टाकायचा, चौथीकडे पाठवायचा नाही. म्हणजे सात जणांचा एक गट झाला. त्यात कुणी आजारी पडलं तर चौकशी सातांचीच. बाकीची गेटं चालू राहतात. दिवसपाळीचा माणूस रात्रपाळीला फिरवायचा नाही. ऑफिसातला रोल कॉल बंद, हजेरी फोनवर. बोटाच्या ठशाचं यंत्र बंद. शिट्टी, टॉर्च, पेन ज्याचं त्याच्याकडे. वॉकी-टॉकी एकच असेल तर हातात देण्याआधी पुसायचा. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण वीस-पंचवीस साइट सांभाळणाऱ्या फील्ड ऑफिसरला रोज फोन करून हे सगळं करून घ्यावं लागत होतं.

पाळी बदलण्याची वेळ सगळ्यांत नाजूक असते. जाणारा येणाऱ्याला चाव्या, रजिस्टर आणि रात्री काय घडलं ते सांगतो. हे बोलणं वॉचमनच्या केबिनमध्ये होतं, आणि ती केबिन म्हणजे दोन माणसांचे गुडघे एकमेकांना लागतील एवढी खोली. २०२० च्या रमजानमध्ये मी पहाटे सहरीला उठायचो तेव्हा खिडकीतून आमच्या गेटवरचा रक्षक दिसायचा. खुर्ची केबिनबाहेर टाकून, मास्क लावून तो बसलेला असायचा. एकदा त्याला विचारलं तर म्हणाला, “काका, आत एका वेळी एकानंच जायचं सांगितलंय. ड्युटी द्यायची-घ्यायची ती बाहेर उभं राहून.” तेव्हा सगळीकडे पुसापुशीवर भर होता, कोविड हवेतून पसरण्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट भर दिला तो पुढे २०२१ मध्ये. पण बंद खोली टाळायची ही साध्या अकलेची सूचना सॅनिटायझरच्या बाटलीइतकीच, किंबहुना जास्तच, उपयोगी होती.

कपाळावर रोखायच्या तापमापकाबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. ताप असला तरच तो सापडतो. लक्षणं दिसण्याआधी माणूस आजार पसरवू शकतो, तेव्हा यंत्र गप्प असतं. तापाची गोळी घेऊन आलेलाही सुटतो. उलट मे महिन्याच्या उन्हातून चालत आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं. त्याला सावलीत थांबवून पुन्हा मोजावं लागतं. काही ठिकाणी माणसांवर जंतुनाशकाचे फवारे मारणारे बोगदे उभे राहिले होते. माणसांवर अशी फवारणी करू नये, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १८ एप्रिल २०२० लाच बजावलं होतं.

गेटवर काय विचारायचं, हाही सुरक्षेचाच भाग आहे. ताप आहे का, खोकला आहे का, घरात कुणी आजारी आहे का, एवढे तीन प्रश्न पुरे होते. पण एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजच्या बातम्या आल्यावर काही गेटांवर भाजीवाल्याला, फळवाल्याला नाव विचारलं जाऊ लागलं. माझ्या नावामुळे तो प्रश्न मला इतरांपेक्षा जरा लवकर ऐकू आला. विचारणारा रक्षक असे. विचारायला लावणारे आत बसलेले असत. नाव कळून ताप कळत नाही, आणि खऱ्या तीन प्रश्नांचा वेळ मात्र जातो. यावर एका सुपरवायझरनं काढलेला तोडगा मला आवडला. सोसायटीच्या सूचना लेखी आणि सहीनिशी असतील तरच त्याचे रक्षक त्या पाळत. कागदावर सही करायची म्हटल्यावर निम्म्या सूचना आपोआप गळाल्या. २०२० च्या मध्यावर राज्याच्या सहकार खात्यालाही सांगावं लागलं, की सोसायट्यांनी सरकारी आदेशांपलीकडचे नियम स्वतःच करू नयेत.

गेटपर्यंत पोहोचणं हा वेगळाच प्रश्न होता. कल्याण ते ठाणे हे अंतर रेल्वेनं वीस किलोमीटरच्या आसपास. लोकल असताना अर्ध्या तासाचं काम. लोकल नसताना शीळफाट्याकडून किंवा भिवंडीकडून फिरून, बस मिळेल तशी गाठत जायचं. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ मध्येच पाडला होता आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला, म्हणजे तिथली कोंडी होतीच. १५ जून २०२० पासून लोकल सुरू झाली ती ठरावीक अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी. गणवेश आणि ओळखपत्र असलेल्या खासगी रक्षकांना तिच्यात जागा मिळायला ऑक्टोबर उजाडला. दरम्यान मे २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेनं मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी मुंबईतच राहावं, असा आदेश काढला होता. विरोध झाल्यावर तो बाजूला ठेवावा लागला. आदेशामागची भीती खोटी नव्हती. पण ज्याचं घर डोंबिवलीत आणि गेट मुलुंडला, त्यानं जायचं कुठं?

एजन्सींनी यावर दोन उपाय केले. पहिला अदलाबदलीचा: बदलापूरचा माणूस ठाण्याला आणि ठाण्याचा अंबरनाथला जात असेल, तर दोघांना आपापल्या घराजवळ आणायचं. दुसरा उपाय साइटवरच मुक्कामाचा. सोसायटीचं ऑफिस किंवा क्लबहाऊस रक्षकांना राहायला द्यायचं, जेवणाची सोय रहिवाशांनी करायची, आणि दोन आठवड्यांनी तुकडी बदलायची. जिथं स्वतंत्र संडास, पंखा आणि झोपायला पुरेशी जागा दिली, तिथं हे नीट चाललं. जिथं चौघांना मीटररूममध्ये कोंबलं, तिथं धोका कमी न होता वाढला.

आणि आता मूळ मुद्दा. रक्षकाला ताप आला तर तो सांगेल का? एजन्सीचा सोसायटीशी करार माणशी, महिन्याच्या दरानं असतो. माणूस आला नाही की बिलातून तो दिवस कापला जातो. एजन्सी तो रक्षकाच्या पगारातून कापते. अशा वेळी अंग कसकसत असलं तरी माणूस गोळी घेऊन कामावर येतो, किंवा जोडीदाराला ‘डबल ड्युटी’ पडते आणि तो चोवीस तास जागतो. मुंबई पोलिसांनी एप्रिल २०२० मध्ये ५५ वर्षांवरच्या पोलिसांना घरी राहायला सांगितलं. खासगी रक्षक कायद्यानं ६५ वर्षांपर्यंत काम करू शकतो. साखर असलेला साठीचा रक्षक कुणाच्या सांगण्यावरून घरी राहणार होता?

इथं कागदपत्रांना जीवनमरणाचं मोल येतं. कर्मचारी राज्य विम्यात नाव असेल तर पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची सोय होती. याच महामंडळानं २०२१ मध्ये कोविड मदत योजना आणली. कोविडनं गेलेल्या विमेदाराच्या अवलंबितांना त्याच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के दरमहा, आणि तीही २४ मार्च २०२० पासूनच्या मृत्यूंना लागू. पण अट अशी, की आजाराच्या निदानाआधी किमान तीन महिने त्याची नोंद झालेली असली पाहिजे. ज्या एजन्सीनं चार पैसे वाचवायला नावच नोंदवलं नाही, तिच्या रक्षकाची बायको या दाराशी जाऊन परत आली असती.

लसीच्या रांगेतही असंच झालं. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून लसीकरण सुरू झालं, फेब्रुवारीत पोलिस आणि पालिका कर्मचारी आले. रुग्णालयात काम करणारा रक्षक तिथल्या कर्मचाऱ्यांबरोबर मोजला जाऊ शकत होता. सोसायटीच्या गेटवरचा नाही. तो तिशीचा असेल तर त्याची पाळी १ मे नंतर, आणि महाराष्ट्रात त्या वयोगटाचं लसीकरण तुटवड्यामुळे मेच्या मध्यालाच थांबलं होतं. मार्च २०२० च्या यादीत जो अत्यावश्यक होता, तो लसीच्या यादीत सर्वसामान्य झाला.

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. केबिनमध्ये पुन्हा दोन खुर्च्या आल्या आहेत. पण करार दरवर्षी नव्यानं होतात, आणि तीच आपल्या हातातली गोष्ट आहे. कमिटीवर असाल तर एजन्सीला तीन गोष्टी विचारा. रक्षकांची विमा आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंद दाखवा. आमच्या गेटचा रिलिव्हर आणखी कुठल्या गेटवर जातो ते सांगा. आणि एक जण आजारी पडला तर त्याचा पगार न कापता दुसरा माणूस कुठून आणणार? हा जादा माणूस फुकट येत नाही. समजा त्याचा महिन्याचा खर्च १८ हजार रुपये आला आणि सोसायटीत ९० घरं असली, तर घरामागे दोनशे रुपये. दोन-तीन शेजारी सोसायट्यांनी मिळून एक माणूस ठेवला तर शंभर किंवा त्याहूनही कमी.

आमच्या सभेत हा ठराव दुसऱ्या बैठकीत मंजूर झाला. पहिल्या बैठकीत एका सभासदानं विचारलं होतं, “माणूस आलाच नाही, तर त्याचे पैसे आपण का द्यायचे?” त्याला आमच्या खजिनदार बाईंनी दिलेलं उत्तर इतिवृत्तात आहे: “तो ताप घेऊन येऊ नये म्हणून.”

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)