अज्ञ मतदार आणि मताचा हक्क

निवडणुका जवळ आल्या कीं सुशिक्षितांच्या बैठकींत एक तक्रार हटकून ऐकूं येते. ज्याला आमदार आणि खासदार ह्यांतील भेद सांगतां येत नाहीं, त्याच्या मताला आणि आमच्या मताला सारखीच किंमत कां, अशी ती तक्रार असते. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थीहि वादविवादसभेंत हाच प्रश्न हिरिरीनें मांडतात. प्रश्न उडवून लावण्यासारखा खास नाहीं. ह्या वार्षिकाच्या वाचकांपैकीं कित्येक विद्यार्थी दोन-तीन वर्षांत स्वतः मतदार होतील, व त्यांचे आईबाप आजच मतदार आहेत. म्हणून ह्या विषयाचा थोडा शांतपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम प्रतिपक्षाचें म्हणणें नीट समजून घेतलें पाहिजे. मतदारांत अज्ञान आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा व लोकसभा ह्यांचीं कामें निरनिराळीं आहेत. परंतु गांवच्या नळाला पाणी नाहीं म्हणून खासदारावर रागावणारे लोक आपणांस पदोपदीं भेटतात. कोणी जात पाहून, कोणी नातें पाहून, तर कोणी हातावर पडलेली नोट पाहून मत देतो; आणि त्या मताचें फळ सर्व समाजाला भोगावें लागतें. मोटार हांकावयास परवाना लागतो, औषध द्यावयास परीक्षा उतरावी लागते. मग राज्य कोणीं चालवावें हें ठरविण्यास कांहींच ज्ञान लागूं नये काय? जॉन स्टुअर्ट मिल ह्या इंग्रज तत्त्ववेत्त्यानें १८६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें होतें कीं, ज्याला वाचतां, लिहितां व साधा हिशेब करतां येत नाहीं त्याला मत असूं नये, आणि अधिक शिकलेल्यांस एकाहून अधिक मतें असावींत. मिल हा व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी होता. तेव्हां हा विचार केवळ गर्विष्ठांचाच आहे, असें म्हणून तो झटकून टाकतां येणार नाहीं.

परंतु मोजक्यांनाच मत देण्याचा प्रयोग कसा होतो, हें पाहावयास दूर जावयास नको. तो आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांत होऊन गेला आहे. १९१९ च्या सुधारणा-कायद्यानंतर मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचे सभासद निवडण्याचा अधिकार लोकांस मिळाला, परंतु तो सर्वांस नव्हे. खेड्यांतील माणसाकडे निदान बत्तीस रुपये साऱ्याची जमीन असली तर त्याला मत मिळे. रत्नागिरीसारख्या गरीब जिल्ह्यांत ही अट सोळा रुपयांची होती. १९३५ च्या कायद्यानें ती आठ रुपयांवर आली, व त्याच कायद्यानें शिक्षणाचीहि कसोटी लावली. मॅट्रिक किंवा तत्सम परीक्षा उतरलेल्या माणसाला जमीन नसली तरी मत मिळे, आणि स्त्रीला साक्षरतेच्या आधारावर मत मागतां येई. १९३७ च्या निवडणुकींत सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत सुमारें तीन कोटि लोकांस मत होतें. बाकीचे कोट्यवधि प्रौढ स्त्रीपुरुष निर्धन व अशिक्षित म्हणून दाराबाहेरच राहिले.

दाराबाहेर राहिलेल्यांचें काय झालें? कोंकणांत त्या काळीं खोतीची पद्धत होती. खोत गांवचा सारा गोळा करून सरकारांत भरी, व कुळांकडून त्याहून पुष्कळ अधिक घेई. पिकाचा मोठा वांटा खोताच्या घरीं घालावयाचा आणि वर वेठबिगार करावयाची, हा कुळाचा नित्याचा अनुभव होता. आतां विपर्यास असा कीं, खोत व खोतीचे हिस्सेदार साऱ्याच्या बळावर मतदार होत. परंतु ज्याच्या तुकड्यांचा आकार ठराविक रकमेपर्यंत पोंचत नसे, तें गरीब कूळ मतदार नसे. म्हणजे खोती राहावी कीं जावी, ह्यावर बोलण्याचा अधिकार तिच्यापासून ज्याला लाभ त्याला होता. ज्याच्या पाठीवर तिचें ओझें, त्याला बहुधा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबईच्या विधानसभेंत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. पुढल्या जानेवारींत हजारों शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. तरी तें विधेयक संमत झालें नाहीं. खोती रद्द करणारा कायदा व्हावयास १९४९ साल उजाडावें लागलें. ज्याचें जळतें त्याला कळतें, अशी आपल्यांत म्हण आहे. कायद्याचीं कलमें त्या कुळाला ठाऊक नव्हतीं. परंतु झोडणी झाल्यावर आपल्या घरीं किती भात उरलें, हें कोणाहि पदवीधरापेक्षां त्याला अधिक नेमकें ठाऊक होतें.

ह्याच आंबेडकरांचें मूळ गांव आपल्या जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्यांतलें आंबडवे. त्यांनीं १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें प्रौढ मताधिकाराची मागणी केली, व १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालांत साक्षरतेच्या अटीचा चांगलाच समाचार घेतला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: निरक्षर तो निर्बुद्ध, असें मानणें ही एक चूक, आणि साक्षर तो अधिक समजूतदार, असें मानणें ही दुसरी. आमच्या मतें ह्यांत आणखी एक गोष्ट आहे. ज्यांना पिढ्यानुपिढ्या शाळेच्या पायरीवर चढूं दिलें नाहीं, त्यांनाच ‘तुम्ही शिकलां नाहीं, म्हणून तुम्हांस मत नाहीं’ असें सांगणें म्हणजे एका अन्यायाला दुसऱ्या अन्यायाचें कारण करणें होय.

मोटारीच्या परवान्याचा दाखलाहि येथें नीट लागू पडत नाहीं. परवाना लागतो तो एस्. टी.च्या ड्रायव्हरला, उतारूंना नव्हे. मतदार हा उतारू आहे. त्याला यंत्र दुरुस्त करतां येत नसेल. पण गाडी कोठें जावयास हवी हें त्याला कळतें, आणि ती दरींत गेली तर हाडें त्याचींच मोडतात. हांकणारा कसा असावा ह्याच्या अटी निराळ्या. हरियाणा राज्यानें २०१५ सालीं पंचायतीच्या उमेदवारांस शिक्षणाची अट घातली, व सर्वोच्च न्यायालयानें ती त्याच वर्षीं मान्य केली. त्या अटीबद्दलहि मतभेद आहेत. परंतु तीहि उमेदवारापुरतीच होती, मतदाराला ती लावलेली नव्हती.

दुसरी अडचण परीक्षकाची. प्रश्नपत्रिका काढणें हें आम्हां शिक्षकांचें नेहमींचें काम. प्रश्न काढणाराच्या हातीं केवढी सत्ता असते, हें आम्ही जाणतों. अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानानें १८९० सालीं आपल्या घटनेंत अशी अट घातली कीं, मतदाराला घटनेचें कलम वाचतां यावें, किंवा ऐकलेल्या कलमाचा योग्य अर्थ सांगतां यावा. अर्थ योग्य कीं अयोग्य हें ठरविणारा अधिकारी गोरा, आणि कलम निवडणाराहि तोच! गोऱ्याला सोपें कलम मिळे व काळ्याला अवघड. शिकलेसवरलेले कृष्णवर्णीयहि नापास ठरत. अखेर १९६५ च्या मताधिकार-कायद्यानें अशा परीक्षांवर गदा आली. जी परीक्षा घेणारालाच निकालांत स्वार्थ आहे, ती परीक्षा न्यायाची होऊं शकत नाहीं.

शिक्षणाच्या कसोटीचा एक अवशेष आपल्या राज्यांत आजहि आहे. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणें विधानपरिषदेच्या कांहीं जागा पदवीधरांच्या मतांनीं भरतात. रत्नागिरी जिल्हा कोंकण पदवीधर मतदारसंघांत मोडतो. ह्या निवडणुकींत उमेदवारांच्या नांवांपुढें १, २, ३ असे पसंतीचे अंक लिहावयाचे असतात. २०२३ सालीं अमरावती विभागाच्या अशा निवडणुकींत आठ हजारांहून अधिक मतें अवैध ठरलीं. मतदार सारे पदवीधरच होते! पदवी ही अभ्यासाची खूण असेल. मत नीट देतां येण्याची ती हमी नव्हे.

स्वतंत्र भारताच्या घटनेनें ३२६ व्या कलमांत हा वाद मिटविला. प्रत्येक प्रौढास एक मत, असें ठरलें. वयाची अट प्रथम एकवीस वर्षांची होती. १९८९ पासून ती अठरा झाली. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली, तेव्हां सुमारें १७ कोटि ३० लाख मतदार होते, आणि १९५१ च्या खानेसुमारींत साक्षरांचें प्रमाण होतें शेंकडा १८. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांच्या कारकीर्दींत मतदाराला परीक्षेस बसविण्याऐवजीं मतदानाची रीतच त्याला झेपेल अशी केली गेली. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, व तिच्यावर सहज ओळखूं येणारें चिन्ह. त्या वेळीं सुमारें २८ लाख स्त्रियांनीं स्वतःचें नांव न सांगतां ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेंच सांगितलें, म्हणून त्यांचीं नांवें यादींतून गळलीं. हक्क असल्यामुळेंच आपलें नांव आपल्या तोंडानें सांगण्याची गरज पुढें अशा स्त्रियांस कळली. मत हें असें स्वतःच शिक्षक होतें.

आपल्या कोंकणांत घरधनी मुंबईच्या गिरणींत आणि संसार महिन्याच्या मनिऑर्डरीवर, अशी स्थिति अनेक वर्षें होती. ह्याच मतदारांनीं राजापूर मतदारसंघांतून १९५७, १९६२ व १९६७ सालीं बॅ. नाथ पै ह्यांना, आणि १९७१ पासून लागोपाठ पांच वेळां प्रा. मधु दंडवते ह्यांना लोकसभेंत पाठविलें. दोघेहि बहुतेक काळ विरोधी बांकांवर बसले, व दोघांचाहि लौकिक अभ्यासाचा व वक्तृत्वाचा. ही पारख करणाऱ्यांत पाटीला कधीं हात न लावलेल्या आयाबायाहि होत्या.

मग अज्ञान तसेंच राहूं द्यावें काय? मुळींच नाहीं. तें दूर करण्याचें ऋण ज्ञात्यांवर आहे. मिल ह्यानेंहि सार्वत्रिक शिक्षणाची सोय समाजानें आधीं केली पाहिजे, असें बजाविलें होतें. गुहागर तालुक्यांतील कोतळूक येथें जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक वरिष्ठ कायदेमंडळांत मांडलें. १९१२ सालीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. इकडे घाटापलीकडे कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं तशा शिक्षणाचा कायदा आपल्या संस्थानांत केला. अज्ञानावर खरा उपाय हा आहे.

विद्यार्थ्यांनो, ह्या उपायांत तुमचाहि वांटा आहे. कोणतें काम ग्रामपंचायतीचें, कोणतें विधानसभेचें व कोणतें लोकसभेचें, हें नीट शिकून घ्या, आणि घरीं सांगा. प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण व आपल्यावरील फौजदारी खटले ह्यांचें प्रतिज्ञापत्र द्यावें लागतें, आणि तें कोणालाहि पाहतां येतें; तें आजीआजोबांना वाचून दाखवा. मतदानयंत्राचें बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रांत निवडलेलें चिन्ह कागदावर सात सेकंद दिसतें, हें त्यांना समजावून द्या. कोणीच उमेदवार पसंत नसेल तर ‘वरीलपैकीं कोणीहि नाहीं’ हें बटण २०१३ पासून आहे, हेंहि सांगा. मात्र मत कोणाला द्यावें, हें त्यांना सांगूं नका. तें ठरविण्याचा हक्क त्यांचा आहे, व त्यांच्या आयुष्याचा अनुभव तुमच्या पुस्तकांहून मोठा आहे.

आणि पालकांस एवढीच विनंति कीं, मुलांनीं असे प्रश्न विचारले तर त्यांना गप्प बसवूं नये. आज जेवणाच्या पानावर जो प्रश्न विचारतो, तोच उद्यां उमेदवारालाहि प्रश्न विचारील.