मालक बदलला, म्हणून तुमचे पैसे बुडत नाहीत

जालना-मंठा रस्त्यावरून परतूरकडे वळायचं तर वाटूर फाट्यावर थांबावंच लागतं. इथल्या झेरॉक्सच्या दुकानात, रिचार्जच्या टपरीवर, चहाच्या हॉटेलात एक वाक्य सारखं कानावर येतं: "नेटवाल्यानं लाइन विकली, मालक बदलला, आता नव्यानं पैसे भरा." कधी वसुलीला आलेला पोरगा हे सांगतो, कधी ग्राहकच दुसऱ्या ग्राहकाला सांगतो. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले असतात, त्यातले तीन-चार महिने शिल्लक असतात, आणि तरीही माणूस "आता कुणाला विचारणार?" म्हणत पुन्हा खिशात हात घालतो. या वाक्याचा मला राग येतो. कारण त्यावर कुणाचा तरी धंदा चालतो आणि ते खोटं आहे.

मुळात "मालक बदलला" या दोन शब्दांत तीन वेगवेगळे व्यवहार दडलेले असतात. कोणता व्यवहार झाला हे कळलं की निम्मा गोंधळ मिटतो.

पहिला व्यवहार शेअरचा. महाराष्ट्रातलं यातलं ठळक उदाहरण हॅथवेचं. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी रिलायन्सने हॅथवे केबल अँड डेटाकॉममध्ये २,९४० कोटी रुपये गुंतवून ५१.३ टक्के हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी डेन नेटवर्क्सचा ६६ टक्के हिस्सा २,२९० कोटींना घेण्याची घोषणा झाली. मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्या आपल्या पोरांच्या घरी हॅथवेचं नेट होतं. "हॅथवे बंद झाली", "जुने प्लॅन रद्द", "आता सगळ्यांना जिओचं नवं कनेक्शन घ्यावं लागणार" अशा गोष्टी तिथून गावापर्यंत पोचल्या आणि अजून फिरत आहेत. प्रत्यक्षात काय झालं? हॅथवे ही कंपनी कायम राहिली, शेअर बाजारातली तिची नोंद कायम राहिली, ग्राहकाचा करार तिच्याशीच राहिला. जिओफायबर ५ सप्टेंबर २०१९ रोजी वेगळी सेवा म्हणून सुरू झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये हॅथवे आणि डेन यांना रिलायन्सच्याच नेटवर्क १८ मध्ये विलीन करण्याची योजना जाहीर झाली होती, ती पुढे मागे घेतली गेली.

जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. महिको ही बियाण्यांची कंपनी १९६४ साली जालन्यात सुरू झाली. १९९८ मध्ये मोन्सॅन्टोने तिच्यात २६ टक्के हिस्सा घेतला, आणि जून २०१८ मध्ये खुद्द मोन्सॅन्टोच जर्मनीच्या बायरने विकत घेतली. म्हणून बियाणं उगवलं नाही तर कुणी जर्मनीला पत्र लिहीत बसलं नाही. पिशवीवर आणि पावतीवर जिचं नाव, तीच कंपनी जबाबदार. नेटच्या बिलालाही हाच नियम लागू आहे.

दुसरा व्यवहार विलीनीकरणाचा, म्हणजे एक कंपनी दुसरीत मिसळून जाण्याचा. इथे जुनी कंपनी खरोखरच संपते. पण कंपनी कायदा, २०१३ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण अशी योजना मंजूर करतं, तेव्हा मालमत्तेबरोबर देणीही नव्या कंपनीकडे जातात. तुमचे उरलेले महिने हेही देणंच आहे. अमेरिकेत चार्टर कंपनीने मे २०१६ मध्ये टाइम वॉर्नर केबल घेतली आणि सेवेला 'स्पेक्ट्रम' हे नाव दिलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने जाहिरातीतला वेग ग्राहकांना मिळत नाही म्हणून खटला भरला. आरोप २०१२ पासूनच्या, म्हणजे जुन्या मालकाच्या काळातल्या वेगाबद्दलही होते. "तेव्हा आम्ही नव्हतो" हे चाललं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये १७ कोटी ४२ लाख डॉलरची तडजोड झाली आणि त्यातले ६ कोटी २५ लाख डॉलर थेट ग्राहकांना परत द्यायचे ठरले.

तिसरा व्यवहार आपल्याकडचा, आणि खरी लूट इथेच होते. गावातला नेटवाला बहुतेक वेळा स्वतः इंटरनेटचा परवानाधारक नसतो. परवाना असलेल्या कुठल्यातरी कंपनीची फ्रँचायझी तो चालवतो. तो आपली वायर, खांबावरचे डबे आणि ग्राहकांची यादी दुसऱ्याला विकतो, नाहीतर जुनी कंपनी सोडून दुसऱ्या कंपनीची लाइन घेतो. इथे करारातला समोरचा पक्षच बदलतो. त्यामुळे नवी कंपनी ओळखपत्र मागेल, नवा अर्ज भरून घेईल. ते रास्त आहे, परवान्याच्या अटींनुसार तिला ग्राहकाची ओळख पडताळावीच लागते. पण अर्ज नवा म्हणजे पैसेही नव्याने, हे कुठून आलं? ज्याने सहा महिन्यांचे पैसे घेतले, त्याच्या डोक्यावरचं देणं लाइन विकल्याने उतरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच खर्डा कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे की करारातला हक्क दुसऱ्याला देता येतो, करारातला बोजा मात्र समोरच्या पक्षाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात टाकता येत नाही. म्हणून नेटवाल्यापुढे दोनच वाटा उरतात. उरलेली मुदत नव्याकडून तुमच्या संमतीने पुरी करून द्यायची, नाहीतर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करायचे.

"मालक बदलला" म्हणून कुणी दरच वाढवून मागितला, तर दूरसंचार नियामक ट्रायच्या दर आदेशातली २००६ ची दुरुस्तीही लक्षात ठेवा. प्लॅन घेतल्यापासून किमान सहा महिने त्यातला दर वाढवता येत नाही, आणि त्याहून मोठी मुदत सांगून प्लॅन विकला असेल तर ती मुदत पुरी होईपर्यंत वाढवता येत नाही.

आता तुमच्या बाबतीत यातलं काय झालं, हे ओळखायचं कसं? जुनं आणि नवं बिल शेजारी ठेवा आणि जीएसटी क्रमांक बघा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यापुढचे दहा म्हणजे बिल देणाऱ्याचा पॅन. हे दहा दोन्ही बिलांवर सारखे असतील तर नाव, रंग, बोधचिन्ह काहीही बदललेलं असो, कंपनी तीच आहे आणि करार तोच आहे. वेगळे असतील तर समोरचा पक्ष बदलला. शिवाय पूर्ण जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर पाहा. इंग्रजी 'सी' असेल तर बिल कंपनीचं, 'पी' असेल तर एका व्यक्तीचं, 'एफ' असेल तर भागीदारी संस्थेचं. आपण कंपनीचे ग्राहक आहोत असं समजणाऱ्या अनेकांना इथे कळेल की त्यांचे पैसे गावातल्या नेटवाल्याच्या स्वतःच्या नावावर जात होते. ज्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे, त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. त्याच्याकडून सही-तारखेची साधी पावती तरी घ्या. फोनवरून पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पैसे गेल्याचं दाखवतो, ते कोणत्या मुदतीसाठी गेले हे दाखवत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

मोठ्या कंपनीने घेतलं की वेग आपोआप वाढतो? तुमच्या घरात येणारी वायर तीच, डबा तोच, मागून येणारी बँडविड्थ तीच, तर वेगही तोच. तांब्याची केबल काढून फायबर टाकलं किंवा मागची बँडविड्थ वाढवली तरच फरक पडतो.

टीव्ही आणि नेट एकाच माणसाकडून घेतलं म्हणजे दोन्हीची कंपनी एकच? तसं गृहीत धरू नका. हॅथवेने तर २०१७ मध्येच केबल टीव्हीचा धंदा हॅथवे डिजिटल या उपकंपनीकडे दिला आणि ब्रॉडबँड मूळ कंपनीत ठेवलं. मराठवाड्यात तिची हॅथवे एमसीएन, हॅथवे लातूर एमसीएन अशी भागीदारीतली नावं वेगळीच.

ग्राहकांच्या परवानगीशिवाय कंपनी विकता येत नाही? येते. हॅथवे-डेनच्या व्यवहाराला भारतीय स्पर्धा आयोगाची मंजुरी लागली, ग्राहकांची नाही. तुमची संमती लागते ती तुमच्या स्वतःच्या करारातला पक्ष बदलताना.

मोबाइल नंबरसारखं नेटचं कनेक्शनही पोर्ट करता येतं? नाही. ती सोय ब्रॉडबँडला नाही. कंपनी बदलायची तर जुनं बंद करून नवं घ्यावं लागतं, आणि बंद करताना राउटरची अनामत मागून घ्यायची.

ट्रायकडे तक्रार केली की ट्राय ती सोडवते? ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारी हाताळत नाही. तिच्या २०१२ च्या नियमावलीनुसार आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करायची, डॉकेट क्रमांक घ्यायचा, आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं.

शेवटचा गैरसमज शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात: "टेलिफोन-इंटरनेटची प्रकरणं ग्राहक मंचात चालत नाहीत." जुन्या तार कायद्याचा आधार घेऊन कंपन्या हा मुद्दा वर्षानुवर्षं मांडत आल्या. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. दूरसंचार सेवेबद्दलची तक्रार ग्राहक आयोगात चालते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, म्हणजे कंपनीचं कार्यालय मुंबईत असलं तरी वाटूरच्या माणसाला जालना पुरेसं आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही.

बुडणारी रक्कम हजार-दीड हजारांची असते, तेवढ्यासाठी कोण भांडणार, असं अनेकजण म्हणतात. पण पीक विम्याची मुदत संपत आलेली असताना याच लाइनवर फॉर्म भरायचे असतात, आणि "मालक बदलला" म्हणून चार दिवस नेट बंद राहिलं तर रांगेतला माणूस रिकाम्या हाताने परत जातो. तेव्हा पुढच्या वेळी वसुलीवाला हे वाक्य घेऊन दारात आला की पैसे काढण्याआधी जुनी पावती काढा, जुनी मुदत कोण पुरी करणार ते लिहून मागा, आणि तो नाही म्हणाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तिथल्या तिथे फोन लावा.